ताईच्या पांढऱ्या पेशी

१६ एप्रिल
ताई सोनाळ्याहून आली. दर उन्हाळ्यात कुरडया करायला येते, माझ्या, धाकट्या बहिणीच्या, हातच्या तिला बघवत नाहीत. यंदा दोन घाणे घातले आणि गच्चीवर सावलीला बसली. "ऊन लागलं वं." ताईला ऊन! संत्र्याच्या बागेत भर मेमध्ये राबणारी बाई. म्हटलं, उद्या माझ्या लॅबमध्ये चल, रक्त पाहू.

१७ एप्रिल
हिमोग्लोबिन ठीक. पांढऱ्या पेशी अठ्ठावीस हजार, हव्यात अकराच्या आत. मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. तेच. स्लाइड केली. जिकडेतिकडे लिम्फोसाइट, पांढऱ्यांतलीच एक जात, बऱ्याच फुटून पसरलेल्या. बावीस वर्षं मेहकरात हेच पाहतेय. दुसऱ्या कुणाची असती तर लगेच बोलले असते.
घरी ताईला सांगितलं, "रक्त कमी हाय जरासं."

१८ एप्रिल
लॅबच्या डॉ.नी स्लाइड पाहिली. म्हणाले, सूक्ष्मदर्शकात सगळ्या लिम्फोसाइट सारख्याच दिसणार, पेशींच्या अंगावरच्या खुणा तपासून घ्या. टी पेशीवर सीडी३, बी पेशीवर सीडी१९. बी पेशींवर सीडी५ ही टीची खूणही निघाली तर बहुधा रक्ताचा कॅन्सर, सावकाश चालणारा. मी त्या 'बहुधा'ला धरून बसलेय.
ताईचं रक्त पुन्हा काढलं, सकाळच्या बसनं ड्रायव्हरजवळ संभाजीनगरच्या मोठ्या लॅबला पाठवलं.

१९ एप्रिल
तिकडून फोन. रक्त फुटलंय, बर्फात घातलं होतं का?
घातलं होतं. मीच. फॉर्मवर लिहिलेलं, खोलीच्या तापमानाला ठेवा. पण एप्रिल लागला की बसनं जाणारा प्रत्येक डबा मी बर्फाच्या पाकिटांत बसवते, हात आपोआप फ्रीजकडे गेला. नव्या पोरींना मी ह्याच्यासाठीच झापते. बेसिनचा नळ सोडून रडले.

२० एप्रिल
सुई पाहून ताईनं हात मागे घेतला. "रक्त कमी हाय म्हनतं अन् रोज काढून राह्यली. मले काऊन फसवून राह्यली? खरं सांग."
सांगितलं. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. बर्फाचंही सांगितलं. तिनं सुईकडे पाहिलं. मग बाही वर केली. "घे. पन आज फ्रीजले हात नको लावजो."
हसू आलं, कसंनुसं.
नळी टॉवेलात गुंडाळून नुसत्या डब्यात ठेवली. ड्रायव्हर म्हणे, "म्याडम, बर्फ नाही? खराब होईन ना." म्हटलं, सीटखाली ठेवा, इंजिनपासून लांब.

२१ एप्रिल
नमुना धड पोचला. हुश्श.
ताई म्हणाली, दाखव मले. स्लाइड लावून दिली. तिनं चष्मा काढला, घातला.
"ह्यातल्या खराब कोन्त्या?"
"दिसत नाही ताई. साऱ्या सारख्याच."
"मंग तू चार दिसापासून काय पाहून राह्यली?"
रोज तासतास पाहत होते, एवढं खरं.

२४ एप्रिल
रिपोर्ट. सीडी१९ आहे. सीडी५ आहे. सीडी२३ पण, तीही त्याच कॅन्सरची खूण.
'बहुधा' संपलं.
डॉ. म्हणाले, आत्ता औषध नको. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. कित्येकांना वर्षानुवर्षं लागत नाही. कुणाला लागतं ते विचारायचं धैर्य झालं नाही.
"म्हंजे बिमारी हाय, पन करायचं काही नाही?"
"हाव. पाहत राहायचं."
"ते तुले येते," ताई म्हणाली.

२५ एप्रिल
ताई गेली. राहा म्हटलं तर म्हणे, बागेला पाणी द्यायचं आहे. बसच्या खिडकीतून ओरडून सांगत होती, कुरडया पुरत्या वाळल्याशिवाय डब्यात भरू नको. मला फार भीती वाटतेय. तिला दिसू दिली नाही, असं आपलं मी समजतेय.
दुपारी पोरींनी जुन्या स्लाइड टाकायला काढल्या. ताईची मी काढून घेतली. ड्रॉवरमध्ये ठेवलीय, कागदात गुंडाळून. जुलैत तिची नवी करीन आणि दोन्ही शेजारी लावून बघीन. खुणा दिसणार नाहीतच. पेशींची गर्दी वाढली का, तेवढं दिसेल.