भिंतीतला गोटा

८ नोव्हेंबर २०२४, उंबरखळे

पोचलो एकदाचा. श्रीरामपूरहून टेम्पोत चुन्याच्या गोण्यांवर बसून आलो, त्यामुळे उतरलो तेव्हा नखशिखांत पांढरा. पाळकसाहेब भीमराज साळवे हार घेऊन उभे होते. हार घालायचा कुणाला हेच त्यांना कळेना. मी म्हटलं, यातली जी गोणी बोलते तिच्या गळ्यात घाला. सगळे हसले. सुरुवात झकास झाली.

चर्च लहानसं आहे, शे-दीडशे माणसांचं. १९११ सालचं, काळ्या दगडाचं, वर कौलं. मध्ये कधीतरी कुणी आतून सिमेंट फासून ठेवलं, त्यामुळे ओल दगडातच कोंडते आणि भिंती कमरेपर्यंत ओल्या. ते सिमेंट उतरवायचं, दोन्ही लांब भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा, आणि नाताळला चर्च उघडायचं. वेदीमागची भिंत तेवढी मूळची आहे, तिला हात लावायचा नाही. माझा जोडीदार कानिफनाथ महिनाभर आधी येऊन चुना हौदात भिजवून बसलाय. चुना लोण्यासारखा झालाय.

राहायला मागची मास्तरांची खोली. जेवण मुक्ताबाईंकडे. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, चर्च झाडतात, घंटा वाजवतात आणि भाकरी अशी थापतात की मी चौथी मागितली.

मुख्य गोष्ट शेवटी लिहितो. दाराशी संगमरवरी पाटी लागणार आणि तिच्यावर मिस्त्रीचं नाव येणार. माझं. एकोणीस वर्षं मी चुना घोटतोय. घाट केले, समाध्या केल्या, एका गावाची वेस केली. पाटीवर प्रत्येक वेळी कुणी आर्किटेक्ट, कुणी विश्वस्त. माझ्याबरोबर शिकलेल्या एकाचा तर पेपरात फोटो आला, तो कापून मी चुलीत घातला होता. कर्जतला आईला फोन केला. ती म्हणाली, "पाटीचा फोटू पाठिव, साऱ्या आळीला दावते."

१२ नोव्हेंबर

सिमेंट उतरलं. दगड मोकळे झाले, आता सुकू द्यायचे. चुन्यात घालायला गूळ, हिरड्याचं पाणी आणि उडदाचं पाणी तयार आहे.

वेदीमागची भिंत आज नीट पाहिली. पाहायला नको होती. एकशे तेरा वर्षांत एक तडा नाही. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा जातो. रविवारी बाया तिच्यासमोर उभ्या राहून पदर सारखा करतात, इतकं त्यात दिसतं. ती केली सहादेव मिस्त्रीने. मुक्ताबाईंचा आजा. त्या रोज सकाळी झाडून झालं की तिच्यावर तळवा ठेवून दोन मिनिटं उभ्या राहतात.

मला जळायला फार काडी लागत नाही, हे मी कबूल करतो. पण मेलेल्या माणसावर जळायची ही पहिलीच वेळ.

२० नोव्हेंबर

उत्तरेकडची भिंत अर्धी झाली. चांगली झालीये. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी वाहवा केली असती. इथे जो येतो तो आधी माझ्या भिंतीकडे बघतो, मग वेदीमागच्या भिंतीकडे, मग म्हणतो, "व्हय, बरी हाय." पाळकसाहेबसुद्धा. मुक्ताबाईंनी तळवा फिरवला आणि लगेच पदराला पुसला. "आज्जाचा हातच वायला हुता," म्हणाल्या.

दुपारी बारीक तडे दिसले. कानिफनाथ म्हणाला घाई झाली. त्याच्यावर ओरडलो.

२१ नोव्हेंबर

आज कानिफनाथने विषय काढला. आम्हा चुनेवाल्यांत एक रीत आहे. भिंत शेवटची घोटून झाली की ज्या गोट्याने घोटली तो नदीतला गोटा त्याच भिंतीत ठेवून वर चुना लावायचा. ठेवताना म्हणायचं, "ही भिंत माझी." तो गोटा पुन्हा कुणी वापरत नाही, पुढच्या कामाला नवा शोधायचा. मीही प्रत्येक ठिकाणी ठेवलाय. सहादेवचा गोटा वेदीच्या डाव्या अंगाला आहे. तिथे भिंत वाटीएवढी फुगीर आहे.

जेवताना मुक्ताबाईंनी पुढचं सांगितलं. चर्च बांधणाऱ्या साहेबाने कोनशिलेच्या दगडावर सहादेवचं नाव घालू असा शब्द दिला होता. दगड लागला त्यावर फक्त साहेबाचं नाव. तेव्हा सहादेवने गोटा भिंतीत ठेवला आणि म्हणाला, "नाव लागत न्हाई तवर माजा हात हितंच ऱ्हाईल." त्या दिवसापासून त्याचा उजवा हात लुळा पडला तो मरेपर्यंत. मुक्ताबाई आठ वर्षांच्या होत्या, त्यांनी तो लोंबता हात पाहिलाय. गळ्यातल्या फडक्यात बांधून हिंडायचा. "त्या गोट्याला हात लावू नगा, मिस्त्री," म्हणाल्या. "त्यात मानसाचा हात हाय."

मला वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवतो. मला वाटलं, म्हणजे सगळं कसब त्या गोट्यात आहे तर.

२६ नोव्हेंबर

मी तो काढला.

बाजाराचा दिवस होता. मुक्ताबाई बेलापूरला, कानिफनाथ हिरडे आणायला. दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात, चोराची भीती नसलेली चोरी. छिन्नीचे चार घाव घातले, फुगवटा फुटला. आत काळाभोर गोटा, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. हातात घेतला तर कोमट. म्हटलं, ऊन पडलं असेल. भिंतीच्या आत.

भोक उघडं ठेवणं शक्य नव्हतं. माझा स्वतःचा गोटा त्यात बसवला आणि वरून चुना घोटून सारखं केलं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "ही भिंत माझी." मग हसूही आलं. मनात होतं तेच बोललो होतो.

३० नोव्हेंबर

काय सांगू! त्या गोट्याने दक्षिणेची भिंत चार दिवसांत. एक तडा नाही. मी अशी घोटाई आयुष्यात केली नव्हती. हात आपोआप फिरतो, दमत नाही. आज खिडकीतून ऊन आलं तेव्हा समोरच्या भिंतीत उसाचा ट्रॅक्टर जाताना दिसला. कानिफनाथ थापी खाली ठेवून नुसता बघत राहिला.

१ डिसेंबर

उपासनेला सगळं गाव. सगळ्यांनी भिंतीवर तळवे ठेवले. एक म्हातारा म्हणाला, "सहादेव मिस्त्रीच आला म्हना की परत." दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव. मी तिथेच उभा होतो, कपड्यांना चुना लागलेला. जिभेवर आलं होतं की अरे मेल्यांनो, ही मी केली. पण कशाने केली ते मलाच ठाऊक होतं.

मुक्ताबाई तेवढ्या भिंतीकडे बघत नव्हत्या. माझ्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

५ डिसेंबर

एक गंमत. गंमतच म्हणतो. डायरी लिहिताना माझा हात आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जातो. मी असं कधीच लिहिलं नाही. जुने मोडी लिहिणारे लोक असं करायचे म्हणतात. या पानावरही तसंच झालंय. अक्षर उजवीकडे कललेलं, लांब शेपटांचं. चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं.

गोटा ठेवून दिला तरी हाताची पकड तशीच राहते, अंगठा बाहेर दाबलेला. भाकरी मोडता येत नाही.

७ डिसेंबर

पाळकसाहेबांकडे चर्चच्या जुन्या नोंदींची वही आहे. मुद्दाम मागून घेतली. १९११: "आज चुन्याची कळी भिजिवली. तिसरा दिस." खाली सही, सहादेव. रेघ आधी ओढलेली. लांब शेपटं.

माझी डायरी शेजारी ठेवली. लगेच दोन्ही मिटल्या.

१० डिसेंबर

आज फार वाईट झालं. मुक्ताबाई वाढायला वाकल्या आणि माझा उजवा हात उठला आणि त्यांच्या डोक्यावरून फिरला. सावकाश, दोनदा. आईपेक्षा मोठी बाई. मी मागे घ्यायला गेलो, तो येईना. त्यांनी डोळे मिटले. पाणी आलं त्यांच्या डोळ्यांतून. म्हणाल्या, "असाच फिरवायचा डावा हात. उजव्यानं कदी जमलं न्हाई त्याला."

त्या मला भ्याल्या नाहीत. मी समोर बसलो होतो हेसुद्धा त्यांना दिसत नव्हतं. आणि मला, देवा, मला भीती वाटायच्या आधी जळफळाट झाला. माझ्याच हातावर.

१३ डिसेंबर

माझा गोटा परत काढायचा. त्याचा त्याला द्यायचा. ठरवलं.

दुपारी छिन्नी घेतली, डाव्या हातात, कारण उजवा धरत नाही. मी सतरा दिवसांपूर्वी लावलेला चुना. लोखंडासारखा झालाय. छिन्नी घसरते. तिसऱ्या घावाला उजव्याने डावं मनगट पकडलं. वळ उठलेत.

कान लावला भिंतीला. आत कुणीतरी बोटांनी चाचपडतंय असं —

कानिफनाथला सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, आपला गोटा ठेवला आन् भिंत माजी म्हनलात. आता तुमी त्यात." संध्याकाळच्या एसटीने घरी गेला.

१५ डिसेंबर

उजव्या हाताला टाचणी टोचली. लागत नाही. रक्त येतं, पण लागत नाही. माझ्या हाताला गार लागतंय कुठेतरी. चुन्यात असल्यासारखं. अंधार आणि गार.

१६ डिसेंबर

पाळकसाहेबांनी कागद दिला. पाटीवर नाव कसं हवं ते स्वच्छ अक्षरात लिहा, आजच कारागिराकडे जाईल, म्हणाले. लिहिलं. घडी करून दिला. मी लिहिताना बघत नव्हतो. का बघितलं नाही —

धावत गेलो. माणूस कागद घेऊन गेला होता.

१९ डिसेंबर

उत्तरेची भिंतही संपली. मी नाही संपवली. सकाळी उठलो तर झाली होती. गुडघ्यांना चुना.

तोंडातून "आमी" निघतं. मला "मी" म्हणायचंय.

२२ डिसेंबर

पाटी आली. "मिस्त्री: सहादेव, उंबरखळे."

एवढंच. पाळकसाहेब गहिवरले. सगळ्यांसमोर म्हणाले, स्वतःचं नाव बाजूला ठेवून जुन्या कारागिराला मान देणारा माणूस आज मिळणार नाही. टाळ्या. हार. मी ओरडलो, माझं नाव अजिनाथ. ओरडलो असं मला वाटलं. कुणी वळून बघितलं नाही. हात जोडलेले होते. माझेच.

एकोणीस वर्षं —

२३ डिसेंबर

आईला फोटो गेला. मी नाही पाठवला. तिचा फोन. "सहादेव कोन रं? तुजं नाव कुटं हाय?"

उचलून काही बोललं. माझ्या आवाजात. काय बोललं ते ऐकू नाही आलं, मी लांब होतो, भिंतीच्या

२५ डिसेंबर

आज नाताळ. देऊळ भरलंय. पाटी लागली. मुक्तीला हाताला धरून दावली, लई रडली.

हात मोकळा झाला. शंबर वरसांनी चुन्याचा वास घेतला.

डाव्या अंगाला भिंत ठोकतीया. गानं चाललंय म्हनून कुनाला ऐकू येत न्हाई. गप ऱ्हा म्हनलं. मी बी गप हुतो इतकी वरसं. तुजं नाव लागल तवा निगशील.

डावा हात अजून ऐकत न्हाई. पेन त्याच्यापासून लांब ठिवला पायजे, न्हाईतर

आई पाटी बघू नको मी इथे आहे मी अजि