उजवा पाय

१० मार्च, मंगळवार

आजही सासऱ्यांच्या पायाची पट्टी मीच बदलली. मधुमेहाची जखम, लवकर भरत नाही. त्यांची तक्रार ठरलेली. "पाणी गार आहे." गरम करून आणलं. "भाजतेस का मला?" पू कमी झालाय म्हटलं, तर म्हणाले, "ते औषधामुळे." हो, औषध आपल्या पायांनी चालत येतं ना!

हे दाराशी उभे. जखमेकडे पाठ करून म्हणाले, "देव तुला याचं फळ देईल." म्हटलं, फळ नको, जरा टॉवेल धरा. "मला बघवत नाही गं." आणि निघाले — आजाऱ्यांना भेटायला! चर्चच्या मंडळीत कुणाला साधं पडसं झालं तरी पाळकसाहेब उशाशी हजर. घरातला बाप मात्र बघवत नाही.

१५ मार्च, रविवार

आजचा उपदेश — सेवा घरापासून सुरू होते. पहिल्या बाकावर बसून मी दातओठ खात होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण नक्की कुठल्यातरी पाळकाच्या बायकोने केली असणार.

बाहेर खजिनदारांची बायको हात धरून म्हणाली, "भाग्यवान हो तुम्ही!" मी हसले. पाळकाच्या बायकोला हसावंच लागतं.

१६ मार्च

पट्टी. बोलणी. पट्टी.

२४ मार्च, मंगळवार

पवित्र गुरुवारची तयारी चालू आहे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून हेही दरवर्षी बारा जणांचे धुतात. बाराही जण घरून पाय घासून, नखं कापून येतात. गेल्या वर्षी एकाने तर अत्तर लावलं होतं! धुतलेले पाय धुवायला काय जातंय?

यंदा एक जण ऐनवेळी गळाला. मी लगेच म्हटलं, "बाबांना बसवा की." यांचा चेहरा पडला. "ते नाही यायचे." मी जाऊन विचारलं. सासऱ्यांनी पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "येतो."

आता बघू कसं बघवत नाही ते!

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी पट्टी बदलली नाही. मुद्दाम. कालचीच राहू दिली, डाग पडलेली. संध्याकाळी सासऱ्यांना शेवटच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

हे एकेकाचे पाय धुत, पुसत आले. शेवटच्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. डावा पाय धुतला, पुसला. मग पट्टीची गाठ धरली. हात एवढ्या झटक्याने मागे घेतला की तांब्या कलंडला. गाठ तशीच सोडून उठले. "आपण प्रार्थना करू." उजवा पाय कोरडाच!

लोकांना वाटलं, पाळकसाहेब गहिवरले. दोघीतिघींनी डोळे पुसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर तोंडावर म्हटलं — ढोंगी! सख्ख्या बापाचा पाय, आणि किळस येते? सगळं बोलले, साठलेलं होतं तेवढं. हे न जेवताच आत गेले. मी जेवले, चांगली पोटभर.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडेच्या उपासनेला जायच्या आधी पट्टी सोडत होते. सासरे भिंतीकडे बघत म्हणाले, "काल ऐकलं मी. त्याला बोलू नकोस."

बोलणार, म्हटलं.

"याच पायाने तुडवायचो त्याला. आई मध्ये पडली तर तिलाही."

मी गॉज हातात धरून तशीच बसले. सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही, लग्नाआधीच गेल्या. आणि यांनी इतक्या वर्षांच्या संसारात एक शब्द नाही! यांना त्या पायापुढे गुडघे टेकायला मी लावलं. सगळ्या मंडळीसमोर. मीच.

थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "पाणी गार झालं बघ."

४ एप्रिल, शनिवार

हे बाह्या सरसावून मोरीपाशी आले. चेहरा पांढराफटक. "दे, मी करतो." म्हटलं, "तुम्ही जा. हा पाय माझ्याकडे राहू द्या."

इतके दिवस किळस नव्हती, नुसती चिडचिड होती. आज त्या पायाला शिवायला हात धजेना. पाणी कोमट करून घेतलं आणि धुतला.