राजा गप्प का बसला?

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील. बाबा आणि पत्र! घरी सगळं ठीक आहे, आधी तेच सांगतो. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही. आई मात्र कुरकुरते, कारण छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी वाणसामानाच्या यादीतलंही शुद्धलेखन तपासतो.

खरी बातमी वेगळीच आहे. तुझ्या त्या राजकन्येच्या सिनेमाचा दुसरा भाग मी पाहिला. एकदा नाही, तीनदा. पहिला भाग आला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तू आणि आई आत, आणि मी बाहेर बाकावर प्रुफं तपासत बसलेलो. घरी येताना तू विचारलंस, "बाबा, राजकन्येनं आपला आवाज विहिरीला देऊन टाकला, मग ती स्वप्नात गाते कशी?" मी म्हणालो, "सिनेमात सगळं खोटंच असतं." वीस वर्षांनी तोच प्रश्न तुझ्या ग्रुपवर शेकडो माणसं हिरिरीनं चघळताना पाहिली आणि माझी मान खाली गेली.

हो, तू चालवतेस तो चाहत्यांचा ग्रुप मी वाचतो. गेल्या वर्षी आईनं दाखवला. गेली चार वर्षं तू फोनवर तिच्याशी तासभर बोलतेस आणि माझ्या वाट्याला "बरे आहात ना?" एवढंच येतं. म्हणून चोरून वाचायला लागलो. काय एकेक वल्ली जमवल्या आहेस! त्या नर्सबाई म्हणतात, सगळ्यात गोड गाणं घोड्याला देणं हा राजकन्येवर अन्याय आहे. ते गणिताचे मास्तर "शिळ्या कढीला ऊत" म्हणून रोज नावं ठेवतात आणि सिनेमा पाच वेळा पाहून येतात. पण खरी जुंपली ती राजावरून. विहिरीला दिलेला मुलीचा आवाज इतकी वर्षं त्याच्याच खोलीत बरणीत होता असं दुसऱ्या भागात कळतं, मग तो गप्प का बसला? कुणी म्हणालं, लेखक पहिला भाग विसरला. कुणी म्हणालं, ही तिसऱ्या भागाची सोय. तू लिहिलंस, "राजाला मुलीचा आवाज नकोच होता. त्याला घरात शांतता हवी होती."

ते वाचून मला राहवलं नाही. मी उत्तर लिहिलं, पण स्वतःच्या नावानं नाही. राजवाड्याच्या दारावर तीन दरवान आहेत, त्यातल्या तिसऱ्याला अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही. त्याचं नाव घेतलं. तू ओळखू नयेस म्हणून जन्मात पहिल्यांदा मुद्दाम ऱ्हस्वदीर्घ चुकवले. दर चुकीला दाढ ठणकल्यासारखं व्हायचं. होय ठमे, तुझा दरवानकाका मीच. राजाची बाजू घेऊन तुझ्याशी भांडलो तोही मीच. त्याला लाज वाटत असेल, आवाज परत कसा द्यायचा ते कळत नसेल, असं काहीबाही लिहायचो. तू चिडायचीस, हसायचीस, लांबलचक उत्तरं द्यायचीस. गेल्या आठ महिन्यांत आपण जेवढं बोललो, तेवढं उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण गोडी लागली होती.

मग मागच्या महिन्यात तू त्या काकांना एकट्याला लिहिलंस. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात तू राजकन्येचं ते स्वप्नातलं गाणं म्हटलंस, टाळ्या पडल्या, धावत बाबांकडे आलीस आणि बाबा म्हणाले, "सात ठिकाणी चुकलीस." त्यानंतर तू कधी गायली नाहीस. ठमे, मला तो दिवस आठवतच नव्हता. हेच जास्त लागलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही हसत होता. तुम्हाला ती थट्टा वाटली." आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. घरी आल्यावर तो चष्मा काढून ठेवायचा असतो हे कुणी शिकवलं नाही, असं म्हणता येईल. पण ती पळवाट झाली. मीच काढला नाही. आणि परक्या माणसावर विश्वास टाकून तू लिहिलेलं मी मुखवट्याआडून वाचलं, हा दुसरा गुन्हा.

परवा तुझा निरोप आला. रविवारी ग्रुपमधले सगळे थिएटरात खास खेळाला जमणार आणि सिनेमा संपल्यावर तू गाणार, इतक्या वर्षांनी, माणसांसमोर. "काका, पहिल्या रांगेत बसाल का? बाबांना बोलवायचा धीर होत नाही." आलो, तर मला पाहून तू गाणारच नाहीस. नाही आलो, तर काकांनीही पाठ फिरवली असं तुला वाटेल. म्हणून रविवारच्या आत हे पत्र. दोन्ही गोष्टींसाठी माफी मागतो. रागावलीस तर तो तुझा हक्क आहे. आईचं तिकीट काढलं आहे, माझं काढलेलं नाही. तू ये म्हणालीस तरच येईन, आणि बसवशील त्या रांगेत बसेन. नको म्हणालीस तर घरी थांबेन, पण तू गा. माझ्यामुळे एकदा सोडलंस, तेवढं पुरे झालं.

तुझाच,
बाबा