डेव्हिएशनवर पास झालेली पिन

१२ जाने., रवि.
सकाळी एकटाच उडालो. भिगवणच्या पाण्यावर वेग उतरवायला थ्रॉटलचा दांडा मागे ओढला, इंजिनाचा आवाज तोच. पुन्हा ओढला. हात मोकळाच येतो-जातो, इंजिनाला पत्ता नाही. वेग कमी होत नाही म्हणजे उतरता येत नाही, आणि पेट्रोल संपेपर्यंत घिरट्या घालायच्या नाहीत. तेव्हा भीती वाटली नाही, खरंच. रेडिओवर सांगितलं, धावपट्टीच्या बरोबर वर आलो, इंधन तोडून इंजिन बंद केलं. मग नुसती वाऱ्याची सळसळ. संधी एकच. अर्धी पट्टी मागे टाकून टेकलो.

खाली उतरलो. शिंदेकाकांनी, आमच्या विमानाच्या इंजिनीअरनी, चहा दिला तो निम्मा शर्टावर. त्यांनी झाकण उघडलं. थ्रॉटलच्या केबलची पिन, करंगळीच्या पेराएवढी, मधोमध तुटलेली. काकांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. पिन माझ्याच कारखान्यातली.

१३, सोम. महाळुंगे, कारखाना
मूळची पिन दिवाळीत झिजली होती. नवी बाहेरून यायला दीड महिना. मला कुठला दम? म्हटलं, काका, गाड्यांचे पार्ट ट्रकभर देतो, एका पिनेचं काय घेऊन बसलात? "विमानाला शिक्क्याचाच पार्ट लागतो, साहेब." चार वेळा नको म्हणाले. पाचव्यांदा बसवली, विमानाच्या दुरुस्तीच्या वहीत त्यांनीच सही केली.

आज सुवर्णाकडून (लातूरची, क्वालिटी बघते) त्या पिनेचा टॅग काढून घेतला. तिच्या लाल पेनानं: ‘जास्त कडक. रिजेक्ट.’ खाली माझी सही: ‘डेव्हिएशनवर पास.’ आमच्याकडे हे रोजचंच. माप थोडं इकडंतिकडं झालं तरी गिऱ्हाइकाची लाइन थांबू नये म्हणून सही मारायची, माल गाडीत. आणि कडक म्हणजे चांगलं, ही माझी अक्कल. फार कडक केलेली पिन वाकत नाही, थरथरीनं तुटते.

सुवर्णा : "मी तवाच सांगितलं होतं की हो, दादा."

सांगितलं होतं.

१५, बुध.
विमान खात्याला द्यायचा रिपोर्ट लिहायला बसलो. ‘कारण’ या रकान्याशी अडलो. वीस वर्षं कंपन्यांच्या तक्रारींना एकच उत्तर लिहीत आलोय : ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिले. मशीनवरच्या त्या बिचाऱ्याला कधी कळतही नाही. या वेळी ऑपरेटर शोधून सापडेना.

नंदा म्हणते, "लिहून टाका की खरं. लायसन गेलं तर गेलं, रविवारी नवरा तरी घरात दिसेल." बायकोला वाटतं, प्रश्न माझ्या लायसनचा आहे.

१६, गुरु.
काकांचा फोन. "पिन कुठं पडली सापडली न्हाई, असं लिहा. कोण बघायला येतंय?" बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

पिन टेबलाच्या खणात आहे. शिवाय थेरगावचे डॉक्टर, तेही आमच्या फ्लाइंग क्लबात उडतात, मागच्याच महिन्यात त्यांच्या विमानाच्या ब्रेकसाठी बुश, म्हणजे छोटी नळी, मागत होते. ‘तुमच्याकडची भारी असते.’ मीच फुशारक्या मारल्या होत्या. खोटं लिहिलं तर ते पुन्हा मागणार, आणि नाही म्हणायला मला कारण उरणार नाही.

१८, शनि.
खरा रिपोर्ट घेऊन गेलो. सही करण्याआधी काकांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला.

"साहेब, तुमचं रविवारचं उडणं जाईल. माझं सोमवार ते शनिवार जाईल."

म्हटलं, जबरदस्ती माझी होती, तसंच लिहिलंय बघा.

"व्हय, लिहिलंय. पण वहीत सही कुणाची हाय?"

कागद परत दिला आणि दुसऱ्या विमानाखाली जाऊन कामाला लागले. मी तिथंच उभा. खालून त्यांनी पाना मागितला, तो दिला.

रिपोर्ट सोमवारी द्यायचाय. माझी सही अजून केलेली नाही.