काचेच्या कपाटातल्या बाईचं नाव

डॉक्टरसाहेब,

तब्येत कशी आहे तुमची? स्पिरिटच्या वाफेनं डोळ्यांची आग व्हायची म्हणे तुमच्या, ती थांबली का? दोन तोंडांचं वासरू बरं आहे? गळ्याला गाठ आलेला म्हातारा, नाळेसकट ठेवलेलं लेकरू, सगळे नीट आहेत ना? कॉलेजनं म्युझियमच्या जुन्या बरण्या नि हाडं ठेवायची नाहीत असं ठरवलं आणि मागच्या महिन्यात सगळ्यांना एकदम मूठमाती देऊन निरोप दिला, म्हणजे आतापावेतो तुमच्याकडे पोचले असतील. आणि खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात नुसत्या हाडांनी उभी असायची ती आमच्या भंडाऱ्याकडची बाई? तिला बसा तरी म्हटलं का तुम्ही?

तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही जाऊन शंभरावर वर्षं झाली, तेव्हा कुठं मी त्या मोठ्या शहरात, तुमच्या म्युझियममध्ये झाडपुसीला लागले. शाळा आमची साकोलीकडे, तीही अर्धवट. बरण्या पुसता पुसता तुमच्या चिठ्ठ्यांवरून मी इंग्रजी वाचायला शिकले, म्हणून मनातल्या मनात तुम्हाला गुरुजीच म्हणत आले. भिंतीवर तुमच्या कामाची हकीकत लावलेली होती, ती मला पाठ आहे. भर उन्हाळ्यात तुम्ही हाडं उकळायचे, वाळवायचे, मग पितळेच्या तारेनं बोटाचं एकेक पेर पेराला जोडायचे. मेण थंड व्हायच्या आत मेलेल्याच्या शिरांत ते भरायचं, बरणीचं तोंड चामड्यानं बांधून वर डांबर फासायचं. एवढी निगुती मी बाईमाणसातही पाहिली नाही. लोणच्याची बरणी बांधताना माझा हात तसाच फिरतो नि सून हसते.

पण त्या बाईच्या पायाशी तुम्ही जी चिठ्ठी लावली होती, तिचा अर्थ मला लागायला फार वर्षं गेली. "स्त्री. भंडारा मुलखातली, धानाच्या रोवणीवरची मजूर. तापानं वारली. डावं मनगट मोडून वाकडं जुळलेलं. धानाच्या बांधीत घसरून पडले, असं तिनं स्वतः सांगितलं." आणि खाली तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्या पदव्यांसकट.

तिनं स्वतः सांगितलं. हे उमजलं त्या दिवशी माझं फडकं काचेवर तसंच राहिलं. तोवर मला वाटायचं, बेवारस मढं कुणी दारात आणून टाकलं असेल, तुम्ही तरी काय करणार. पण तुम्ही तर तिच्या खाटेपाशी बसले होते. तिचा हात हातात घेऊन विचारलं होतं. तापात फणफणत असताना तिनं तुम्हाला चिखल सांगितला, पाय कसा घसरला ते सांगितलं, हातात रोवायच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी होती तेही सांगितलं असेल. मग नाव विचारायला काय झालं होतं हो? मनगटाचं हाडन् हाड ओळखणारा माणूस तुम्ही, आणि समोर बोलणारी बाई तुम्हाला दिसली नाही?

एका संक्रांतीला मी तिच्या काचेला हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. तिथले साहेब रागावले, "मावशी, नमुना आहे हा, देवी नाही." मी म्हटलं, "देवी कोण म्हणते साहेब, बाई आहे ती." त्यांनी ते मलाच पुसायला लावलं. त्यांचा राग नाही आला मला. ते तुमची चिठ्ठी वाचूनच शिकलेले.

आता मी गावाकडं, सानगडीला असते. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं घागरी भरतात. नव्यानं गेलेल्याला त्या दिवशी नाव घेऊन पितरांत मिळवतात. तोवर तो दाराबाहेर ताटकळत असतो, पंगतीत बसत नाही. परवाच्या सणाला मी तिच्यासाठी एक घागर जास्तीची मांडली. हाक मारायचं काम माझ्या दिराचं.

"वहिनी, हे कोनाची वो?"

"आपल्याकडचीच हाये एक बाई."

"नाव सांगा."

"नावच त नाही ना, भाऊजी."

"मंग हाक कोनाले मारू? नुसतं ये वो बाई म्हनलं त साऱ्या सानगडीच्या बाया येतीन जेवाले. भात पुरन काय?"

सगळे हसले, मीही हसले. सून म्हणाली, "आई, ठेवून द्या ना एखादं नाव. तिले काय समजते?"

"काहून नाही समजत? हात कसा मोडला ते सांगाले समजत होतं, अन् सोताचं नाव समजत नसन?" मी इतक्या जोरानं बोलले की दीर पुढच्या घागरीकडे वळले. उसनं नाव मी घेऊ दिलं नाही. उसन्या नावानं हाक मारली तर ती कशाला येईल? दुसऱ्याच कुणाला बोलावतात म्हणून आणखी मागं सरेल. घागर पालथी घातली.

एक सांगायचं राहिलं. तुमची घागर मात्र भरली. नोकरी सुटल्यापासून दरसाल भरते, गुरुजी म्हणून. तुमचं नाव भाऊजींनाही पाठ झालं आहे, खणखणीत हाक मारतात. यंदा तुमचीही पालथी घालणार होते, पण हात धजला नाही. म्हणजे तुम्ही जेवले, आणि ती बाहेर उभी राहिली.

पत्ता ठाऊक नाही, तेव्हा हे पत्र तांदळाच्या पिंपाखालीच राहणार. तरी सांगते, उठा आणि तिला विचारा. तेव्हा विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. उत्तर लवकर पाठवा. बाकी काही लिहू नका, नुसतं नाव पुरे.