पथ्य नसलेली गोळी

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्याहून म्हातारी आहे. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. सांगतेय मी, लिहितोय माझा नातू. माझं बोलणं तो सरळ करून लिहितो, म्हणून हे एखाद्या मास्तरणीचं वाटलं तर हसू नको.

तुझं केळझरचं स्वयंपाकघर आठवतं. भाऊ काविळीचं औषध घेतोय, तू त्याला नुसता भात वाढतेस आणि मी मुठीत लपवून लोणच्याची फोड त्याला देते. तू चिमट्यानं माझा हात झटकलास. "औषधाच्या मंधात येशीन तं पाह्य," म्हणालीस. ते जन्मभर लक्षात राहिलं.

मागच्या दिवाळीत नातू म्हणाला, "आजी, मले पोरी नाई, पोरं आवडतात." मी म्हटलं, "मंग चांगला पाह्य. तुया आजोबासारखा घोरणारा आणू नोको." तो हसला, थोडा रडलाही. पुढच्याच शनिवारी नागपूरहून आर्वीला घरी आला, तेव्हा धुवायचे कपडे काढताना त्याच्या बॅगेत गोळ्यांची डबी वाजली. विचारलं तर "रोजच्या आहेत" एवढंच बोलून बाहेर गेला. मी समजले, पोराला काहीतरी मोठं दुखणं आहे. विचारायचा धीर झाला नाही, पण तुझी शिकवण होती. लोणचं बंद, वांगं बंद, तिखट बंद. आला की मुगाची खिचडी. तो मान खाली घालून खायचा. मग दोन शनिवार आलाच नाही.

तिसऱ्या शनिवारी उंबऱ्यातच उभा राहिला. "खरं सांग आजी, माया राग येऊन राह्यला ना तुले? सांगितलं तवापासून ताटातलं लोनचंई गेलं."

"काऊन राग येईन बाप्पा? तुयं औषध चालू हाय ना."

तो आत येऊन माझ्याजवळ बसला. मग समजावून सांगितलं. ती गोळी एचआयव्ही झाला म्हणून नाही, होऊ नये म्हणून आहे. डॉक्टरला विचारून घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं.

"अन् पथ्य?"

"काईच नाई."

"कायचं औषध हाय मंग हे," मी म्हटलं, आणि गॅसवर वांगं भाजायला ठेवलं.

रोगाचं डॉक्टर बघतील, माय, मी बाकीचं बघते. ही गोळी सुरू व्हायच्या आधी साधा ताप आला तरी हा आरशात जीभ बघत बसायचा. रक्त तपासून आला की जेवायचा नाही. कोणी जवळचं होऊ लागलं की हाच दूर पळायचा. आता तपासणीला जातो तो न्हाव्याकडे कटिंगला गेल्यासारखा. सकाळी हलवून उठवावं लागतं. न्हाणीत बेसूर गातो. गेल्या महिन्यात मित्राला घेऊन आला. तो पोरगा भरीत मागून मागून खातो, आणि घोरतोसुद्धा. सगळंच कुठं मनासारखं मिळतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुझ्या गावाला टपाल जात नाही. फडताळात राहील. मी नातवाला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावते, म्हातारीला ऐकू येत नाही असं सांगून. ऐकू मला चांगलं येतं. घोरण्यापाशी आला की तो हसतो, तेवढ्यासाठी. आता हे त्यालाही कळलं, लिहितोय तोच ना. तरी वाचतोच आहे.