बाहेर द्यायची काही गरज नाही

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
आजपासून कामाची नोंद ठेवणार. काम एकच. घरच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलंय, ते बदलायचं. निदान मीच केलं. आधी पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, मग काळोख. मी तत्काळ ओळखलं. (दोन आठवडे मॉनिटर पुसत होतो, पण तो निदानाचाच भाग.)

ही भावाकडे गेली आहे. हवापालटासाठी. दोन मोठ्या बॅगा नेल्या, कारण हवेचा भरवसा नाही.

ही घरी बसून लग्नाचे अल्बम तयार करते. फोटोग्राफर फोटो देतो, ही त्यांची पानं जुळवते. हिरव्या रेघा नेमक्या एका नवऱ्या मुलाच्या तोंडावर आल्या. ही म्हणाली, हंगाम आहे, काम अडलंय, या वेळी बाहेर द्या. मी हसलो. लग्न झाल्यापासून या घरातली एकही वस्तू दुरुस्तीला बाहेर गेलेली नाही. मिक्सर, इस्त्री, पंखा, टोस्टर, दारावरची बेल, सगळं या हातांनी. तेच म्हणालो, बाहेर द्यायची काही गरज नाही. ही हसली नाही. थकली असावी.

संकल्प: पुढच्या रविवारी नवं कार्ड बसणार. ही येणार, पडदा बघणार, म्हणणार छान झालं. ते दोन शब्द ही फार छान म्हणते. विषय संपला.

४ फेब्रुवारी
टेबलावर जेवायला जागा नाही. जानेवारीत कॉम्प्युटर उघडून मांडलाय, तो तसाच आहे. शास्त्रशुद्ध मांडणी आहे. स्क्रू चहाच्या गाळणीत ठेवलेत. चहा न गाळता प्यालो. चोथा पौष्टिक असतो.

सकाळी मिक्सर हलवला तर तळाशी चौकोनी चिकट डाग. इस्त्रीच्या मागच्या बाजूला तसाच. हिला स्वच्छतेचं एवढं वेड, आणि हे! आल्यावर हळुवार शब्दांत कानावर घालीन.

हिचा फोन आला. आधी विचारलं, जेवलात का. मग विचारलं, टेबल रिकामं झालं का. म्हणजे लक्ष इकडेच आहे.

७ फेब्रुवारी
कार्ड मागवलं. दुकानातलं सगळ्यात मोठं. घ्यायचं तर घसघशीत घ्यावं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं सुचवलं, आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली जागा मोजा. मी म्हटलं, माझ्या घरची कॅबिनेट मला ठाऊक नाही? तो म्हणाला, बरं. हल्लीच्या लोकांत आत्मविश्वास कमी.

१० फेब्रुवारी
कार्ड आलं. काय देखणं! दोन पंखे, काळंभोर अंग. अर्धा तास नुसतं हातात धरून बसलो.

कॅबिनेटमध्ये मावत नाही.

कार्डाचा दोष नाही, हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. करवत घेतली आणि पिंजरा कापला. हार्ड डिस्क सुतळीनं बांधून टांगली. हिची सगळी कामं त्यातच आहेत, म्हणून दुहेरी गाठ मारली. या भानगडीत बोटही कापलं. पट्टी सापडेना. शेवटी हिला फोन केला. डावीकडचं दुसरं ड्रॉवर, ही म्हणाली, रुमालांच्या खाली. माझ्या घरात बसून मला सापडत नाही आणि ही तिथून सांगते! बरं वाटलं.

कार्ड आल्याची बातमी दिली. ही म्हणाली, मी लॅपटॉप घेतलाय. रेघा आलेला तो अल्बमही पुन्हा करून दिला.

मी म्हटलं, उत्तम. हाताशी एक जास्तीचा असावाच.

बोट ठणकतंय. झोप नाही.

१३ फेब्रुवारी
कार्ड बसलं! पंखे सुरू, दिवे सुरू, आवाज रुबाबदार. फक्त चित्र येत नाही.

हा मोठा टप्पा आहे. चित्र ही शेवटची गोष्ट.

केबल काढून लावली. पुन्हा काढून लावली. कॅबिनेटला थोपटलं. थोडं रागानंही थोपटलं. वीज कमी दाबानं येत असणार. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणेल, पण अंगण खरंच वाकडं असू शकतं की नाही?

आधीच उल्हास, त्यात सकाळी मिक्सर बंद पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार
ही येईल असं धरून दाढी केली होती. मेव्हणा आला. हिचे गरम कपडे, चष्म्याचं जुनं घर आणि दोन चादरी न्यायला. मी विचारलं, चादरी कशाला? तुमच्याकडे चादरी नाहीत? तो चादरींच्या घड्या घालत राहिला.

जाताना टेबलापाशी थांबला. टांगलेली हार्ड डिस्क बघत म्हणाला, भाऊजी, प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीये हो.

हा कॉमर्सचा माणूस. त्याला कार्ड आणि मदरबोर्ड यातला फरक काय कळणार! मी समजावून सांगायला लागलो, तर खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

कपाटातला तिचा कप्पा अर्धा रिकामा झालाय. हवा खेळती राहील.

१८ फेब्रुवारी. संध्याकाळ.
मिक्सर उघडला. या मिक्सरची मोटर मी स्वतः लाल वायरीनं जोडली होती, पक्कं आठवतं. आत वायर निळी. जोडही नीटनेटका. माझा जोड असा नसतो.

मोटरमधला झिजलेला कार्बन ब्रश बदलायचा होता. तेवढ्यापुरता कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. नुसता भाग विकत आणायला, दुरुस्तीला नव्हे. मिक्सर नमुना म्हणून पिशवीत. दुकानदारानं पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, अरे, हा तर वहिनींचा मिक्सर!

मी म्हटलं, गैरसमज होतोय.

तो म्हणाला, कसला गैरसमज, मोटर मीच बदलली. इस्त्री माझ्याकडेच यायची, पंखा, टोस्टर, बेलसुद्धा. तुम्ही घरी उघडून बसलात की दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर वहिनी घेऊन यायच्या, तुम्ही परतायच्या आत न्यायच्या. म्हणायच्या, साहेबांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल. फक्त स्टिकरवरून आमचं वाजायचं. त्या म्हणायच्या लावू नका. मी म्हणायचो, स्टिकर नाही तर गॅरंटी नाही. मग त्याच घरी जाऊन खरवडून काढायच्या. बऱ्या आहेत ना वहिनी? बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत.

मी म्हटलं, बऱ्या आहेत.

मिक्सर सगळे सारखेच दिसतात. त्याचा गोंधळ झाला असणार.

घरी येऊन इस्त्री उलटी केली. पंखा उलटा केला. टोस्टर, रेडिओ, पाण्याची मोटर. स्टुलावर चढून बेलही काढली. सगळ्यांना डाग. चौकोनी, चिकट, कडेला नखाचे ओरखडे.

टेबल लॅम्पला मात्र नाही. लॅम्प मीच दुरुस्त केलेला, शंभर टक्के.

लॅम्प लागत नाही.

१९ फेब्रुवारी
ऑफिसला गेलो नाही. अंग मोडून आल्यासारखं वाटतंय. ताप नाही.

दुपारी हिला फोन केला आणि सरळ विचारलं. ही म्हणाली, कळलं वाटतं.

मी म्हटलं, तू मला सगळीकडे मूर्ख बनवलंस. आवाज चढवूनच म्हटलं. ही म्हणाली, अहो, कोणाला काय सांगायला गेले मी? तुम्ही स्क्रू काढायला बसलात की जीभ बाहेर काढून बसता, लहान मुलासारखे. झालं की मला हाका मारता, अगं ये, बघ. मला ते बघायला फार आवडायचं. म्हणून केलं. त्यात मला कधी कष्ट वाटले नाहीत.

मग आता काय झालं, मी विचारलं.

ही म्हणाली, कॉम्प्युटरही गुपचूप नेला असता मी. पण तुम्ही तो टेबलभर पसरून ठेवलात आणि रोज विचारायचात, कशाला हात तर नाही ना लावलास. म्हणून पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं. म्हटलं, माझं काम आहे, बाहेर द्या. इतक्या वर्षांत एकदाच. आणि तुम्ही हसलात.

मी म्हणालो, कार्ड जवळजवळ बसलंय.

ही म्हणाली, मी दमले हो. रागावले नाहीये. दमले.

रागावली असती तर समजूत काढता आली असती. दमलेल्या माणसाचं काय करायचं, मला माहीत नाही. रडू आलं. धूळ फार झाली आहे घरात, असं लिहिणार होतो. धुळीनं नाही आलं.

२१ फेब्रुवारी
कॅबिनेट चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन गेलो. दुरुस्तीला. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, घर सोडताय की काय? मी म्हटलं, नाही, मी नाही.

दुकानदारानं सुतळी बघितली, कापलेला पिंजरा बघितला. कॅबिनेट वळवून विचारलं, मॉनिटरची केबल कुठे लावत होता? मी दाखवलं. मागे केबलच्या दोन जागा असतात. वरची कॉम्प्युटरची स्वतःची, खालची नव्या कार्डाची. मी वर लावत होतो. वरची जागा मला मानाची वाटली. कार्ड बसवलं की वरची बंद होते. त्यानं दुकानातल्या मॉनिटरची केबल खाली लावली. चित्र आलं.

सहज विचारावं म्हणून विचारलं, नवं कार्ड येईपर्यंत तात्पुरतं काही करता आलं असतं का? विचारायला नको होतं. तो म्हणाला, हो की. गेलेलं कार्ड नुसतं काढायचं आणि केबल वर लावायची. अल्बमचं काम थोडं हळू चाललं असतं, पण चाललं असतं.

जुनं कार्ड मी जानेवारीतच काढलं होतं. आणि वर केबल लावायचं सोडून काढलेलं कार्ड ब्रशनं साफ करत बसलो होतो. ही समोर बसून बघत होती.

त्यानं मागे स्टिकर लावला. मी अडवलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी टेबल रिकामं केलं, पुसलं. गाळणी धुतली. पडद्यावर तिचा अल्बम उघडून ठेवला. नवरा मुलगा स्वच्छ दिसत होता.

ही अकराच्या सुमारास आली. मेव्हणा खाली गाडीत थांबला. ही उरलेलं सामान घ्यायला आली होती, हे मला ठाऊक होतं. तरी दोन कप चहा टाकला.

पडदा बघून ही थबकली. जवळ आली, चष्मा लावून बघितलं. रंग किती छान दिसतायत, म्हणाली. मग विचारलं, कोणी केलं?

सांगायचं ठरवलं होतं. वाक्य पाठ केलं होतं: दुकानात दिलं, तुझंच बरोबर होतं, चुकलो मी. तोंडातून आलं, मीच.

का म्हटलं ते देव जाणे. मी हाक मारल्यावर ही जशी कौतुकानं बघायची, तसं एकदा बघावं, एवढंच हवं होतं.

ही स्वतःची एक वायर काढायला टेबलामागे वाकली. तिथेच थांबली. स्टिकर तिला दिसला. मला हे आधी सुचलंच नव्हतं. हिनं नखानं एक कोपरा उचलला, अलगद सोलला, त्याची गोळी केली आणि पर्समध्ये टाकली. किती सरावानं! माझ्याकडे पाठ होती, तिला वाटलं मला दिसत नाही.

मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, छान झालं.

तोच आवाज. मिक्सरला हाच होता. इस्त्रीला हाच, बेलला हाच. आयुष्यभर ज्या शाबासकीवर मी छाती फुगवून फिरलो ती ही.

मी म्हणायला हवं होतं, थांब. मी म्हटलं, चहा निवतोय. तिनं उभ्याउभ्या चहा घेतला, कप धुऊन ठेवला. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्या, म्हणाली. चप्पल घातली. तिच्याकडची घराची किल्ली बेलखालच्या खिळ्याला अडकवली आणि गेली.

कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालू होता. त्यावर माझं काहीच काम नसतं.

२७ फेब्रुवारी
टेबल लॅम्प घेऊन दुकानात गेलो. त्यानं उघडला, आतला माझा जोड काढला, नवा केला. लागला.

मग त्यानं डबी काढली आणि सवयीनं विचारलं, स्टिकर लावू की नको?

लावा म्हटलं. काढणारं कोणी नाही आता घरात.